वहिनीचा एक्स-रे, आजीचा फोटू आणि अ‍ॅलिस स्टुअर्ट

तापीकाठ (चोपडा)

नमस्कार मंडळी. प्रश्न घरचा आहे, पण उत्तर शोधता शोधता मी सत्तर वर्षं मागे ऑक्सफर्डला जाऊन पोचले. धागा लांबणार आहे, चहा घेऊन बसा.

एप्रिलात आमच्या गच्चीवर कुरडयांचं काम चाललं होतं. वहिनी चिकाचं पातेलं घेऊन शिडी चढत होती, पाय सटकला आणि पाठीवर आपटली. चीक अंगणभर. कंबर हलवता येईना म्हणून एका दवाखान्यात नेलं. कमरेचे दोन एक्स-रे निघाले, त्यातला एक हलला म्हणून परत काढला. हाड शाबूत होतं. आठ दिवसांत ती पुन्हा कामाला लागली. पंधरा दिवसांनी पाळी चुकल्याचं लक्षात आलं, तपासलं तर सहावा आठवडा. म्हणजे एक्स-रेच्या वेळी दिवस गेलेलेच होते.

एक्स-रेआधी तिला कोणी काही विचारलं नव्हतं. ‘गर्भवती असल्यास सांगा’ अशी पाटी होती म्हणे, कपाटाच्या आड.

मग दुसऱ्या एका ठिकाणी दाखवलं. तिथल्या बाईंनी फाइलमधून मान वर न करता सांगितलं, “एक्स-रे झालाय ना, मग रिस्क कशाला? पहिला मुलगा आहेच तुम्हाला. काढून टाका.” झालं. घरात दोन तट पडले. दादा म्हणतो डॉक्टरच सांगतायत तर ऐकावं, आई म्हणते देवाच्या मनात असेल ते. वहिनी काहीच बोलत नाही, नुसती भांडी घासत बसते. मी बीएस्सी झालेली घरातली एकटी, म्हणून सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मीही काही फार शहाणी नाही, पण वाचायला घेतलं आणि या बाई भेटल्या.

अ‍ॅलिस स्टुअर्ट. जन्म १९०६, इंग्लंडमधलं शेफील्ड. आई-वडील दोघंही डॉक्टर, गरिबांच्या मुलांसाठी राबणारे. बाई स्वतः डॉक्टर झाल्या, दुसऱ्या महायुद्धात दारूगोळ्याच्या कारखान्यांत टीएनटी भरणाऱ्या कामगारांच्या तब्येतींवर काम केलं, नंतर ऑक्सफर्डला सामाजिक वैद्यकाच्या विभागात आल्या. १९५० साली तिथले प्रमुख जॉन राइल वारले आणि विभागाची रयाच गेली. बाईंकडे ना पैसा, ना माणसं.

त्या वेळी ब्रिटनमध्ये दोन ते चार वर्षांची मुलं रक्ताच्या कॅन्सरने, ल्युकेमियाने, जास्त मरू लागल्याचं आकड्यांत दिसत होतं. का, ते कोणालाच सांगता येत नव्हतं. बाईंनी जे केलं ते इतकं साधं आहे की मला वाचताना हसू आलं. त्या म्हणाल्या, मुलांच्या आयांना विचारू. डॉक्टरांच्या लक्षात नसलेलं काहीतरी त्यांच्या लक्षात असेल.

प्रश्नावली तयार झाली. मूल काय खायचं, रंगीत गोळ्या-पेयं किती, घरात कुत्रं-मांजर-कोंबड्या होत्या का, लसी कोणत्या, आजारपणं कोणती. आणि त्या सगळ्यांत एक प्रश्न: गरोदरपणात तुमचा एक्स-रे काढला होता का? काउंटीकाउंटीच्या आरोग्य अधिकाऱ्यांकडे हे कागद गेले. १९५३ ते १९५५ या तीन वर्षांत इंग्लंड आणि वेल्समध्ये कॅन्सरने गेलेली दहा वर्षांच्या आतली मुलं घ्यायची, आणि प्रत्येकाच्या जोडीला त्याच भागातलं, त्याच वयाचं एक जितं-जागतं मूल. दोन्ही आयांना तेच प्रश्न.

या कामाला पैसे दिले कोणी, सांगा पाहू? लेडी टाटा मेमोरियल फंडाने. हजार पौंड. दोराबजी टाटांच्या पत्नी मेहेरबाई १९३१ साली ल्युकेमियानेच गेल्या, आणि त्यांच्या नावाने १९३२ साली हा ट्रस्ट उभा राहिला. इंग्लंडमधल्या बाईला इंग्लंडमध्ये पैसा जमेना आणि मुंबईच्या एका पारशी घरातलं दुःख तिथवर जाऊन पोचलं. हे वाचून मी पुस्तक मिटून पाच मिनिटं बसून राहिले.

पहिले काही कागद परत आले तेव्हाच फरक डोळ्यांत भरत होता. गेलेल्या मुलांच्या आया एक्स-रेला ‘हो’ म्हणत होत्या, जिवंत मुलांच्या आया क्वचित. १९५६ साली ‘लॅन्सेट’मध्ये छोटं टिपण आलं, १९५८ साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये सविस्तर निबंध. निष्कर्ष असा की गरोदरपणी पोटाचा एक्स-रे झाला असेल तर दहा वर्षांच्या आत कॅन्सरने मरण्याचा धोका साधारण दुप्पट. तेव्हा बाळ आडवं आहे की उभं, जुळं आहे का, आईचं कटिर (कमरेच्या हाडांची चौकट) मोठं आहे का, हे पाहायला सर्रास एक्स-रे काढत. चपलांच्या दुकानातसुद्धा पाय बुटात नीट बसतोय का ते पाहायला एक्स-रेचं यंत्र असायचं!

कोणी ऐकलं नाही. अणुयुगाची चलती होती, आणि डॉक्टरांना आपल्याच हातून असं काही होतंय हे मानवणार कसं. बाईंचा हिशोब होता की या प्रथेपायी ब्रिटनमध्ये आठवड्याला एक मूल जातंय. प्रथा पुरती मोडायला वीसेक वर्षं लागली.

आता माझा पेच. हे सगळं वाचून मला वाटलं, म्हणजे त्या काढून टाका म्हणणाऱ्या बाई बरोबर? दुप्पट धोका! वहिनीला हे कोणत्या तोंडाने सांगू? इथे एक्स-रेवाले, डॉक्टर, फिजिक्सवाले कोणी असतील तर बोला.

---

शंकासुर

लेख छान, पण भारावून जाऊ नका. या पद्धतीत एक भोक आहे आणि ते तेव्हाच दाखवलं गेलं होतं. जिचं लेकरू गेलं ती आई नऊ महिन्यांतला क्षणन्‌क्षण आठवून पाहते, माझं काय चुकलं म्हणून. जिचं अंगणात खेळतंय ती म्हणते, एक्स-रे? छे, नसेल झाला. मग फरक दिसणारच.

आणि विरोध करणारे काही येरेगबाळे नव्हते. धूम्रपानाने फुप्फुसाचा कॅन्सर होतो हे दाखवणारे रिचर्ड डॉल त्यांत होते. १९६० साली त्यांनी आणि सहकाऱ्यांनी जवळपास ३९ हजार मुलं तपासली, ज्यांच्या आयांचे गरोदरपणी एक्स-रे झाल्याची दवाखान्यात नोंद होती. ल्युकेमिया वाढलेला दिसला नाही.

---

तापीकाठ

@शंकासुर, पुढचा अंक वाचला नाहीत वाटतं :)

१९६२ साली हार्वर्डच्या ब्रायन मॅकमॅहन यांनी तुमचं भोकच बुजवलं. आयांना विचारलंच नाही. अमेरिकेच्या ईशान्य भागातल्या ३७ प्रसूतिगृहांतले सात लाखांवर जन्म घेतले आणि एक्स-रे झाला की नाही ते दवाखान्याच्या जुन्या कागदांवरून काढलं. आठवणीचा संबंधच संपला. तरी एक्स-रे झालेल्या गटात कॅन्सरचे मृत्यू सुमारे ४० टक्के जास्त.

मग लोक म्हणाले, एक्स-रे काढावा लागला म्हणजे त्या बायांनाच काहीतरी दुखणं असणार, मूळ कारण ते. त्यालाही उत्तर जुळ्यांनी दिलं. जुळ्यांच्या आयांचे एक्स-रे कितीतरी जास्त निघत, पण दुखण्यामुळे नव्हे, नुसतं जुळं आहे का पाहायला म्हणून. तिथेही वाढ तशीच दिसली.

आणि तुमचे डॉलसाहेब. १९९७ साली त्यांनी रिचर्ड वेकफर्ड यांच्याबरोबर सगळे अभ्यास पुन्हा चाळून लिहिलं की होय, पोटातल्या बाळाला १० मिलिग्रेच्या (मिलिग्रे म्हणजे शरीरात शोषलेल्या किरणांचं माप) आसपास डोस मिळाला तरी धोका वाढतो. बाई तेव्हा नव्वदीच्या होत्या. एकेचाळीस वर्षं लागली हो!

---

शंकासुर

डॉलचं १९९७ मला माहीत नव्हतं. एक पाऊल मागे. एकच.

---

जुना_हायपो (भुसावळ)

धागा वाचून राहवलं नाही. मी बत्तीस वर्षं एक्स-रे टेक्निशियन होतो, आता निवृत्त. दवाखान्याचं नाव घेत नाही.

ताई, तुम्ही लिहिलंय ‘एक हलला म्हणून परत काढला’. या ‘परत’ची गोष्ट सांगतो. आजकाल सगळं डिजिटल आहे, तेव्हा फिल्म अंधाऱ्या खोलीत धुवावी लागे. डेव्हलपर, म्हणजे फिल्म धुण्याचं रसायन, वीस अंशांच्या आसपास पाहिजे. भुसावळला मे महिन्यात नळाचं पाणीच अंघोळीला गरम! डेव्हलपर तापला की फिल्म भराभर काळी पडते, धूसर होते, हाडाची कड दिसत नाही. मग आम्ही बर्फाच्या लाद्या आणून टाकीभोवतीच्या पाण्यात ठेवायचो. बर्फवाला आला नाही की त्या दिवशी चारातली एक फिल्म वाया, आणि वाया गेलेली फिल्म म्हणजे त्याच माणसाला दुसऱ्यांदा किरण. रजिस्टरमध्ये एकच एक्स-रे लिहिला जायचा, अंगावर दोन पडलेले असायचे. आमच्या छातीला बॅज लावलेला असे, तो मोजायला मुंबईला जाई, आमचा डोस कागदावर येई. पेशंटला कुठला बॅज?

शिशाचा एप्रन होता, खुंटीला घडी घालून टांगलेला. घडी घातली की आतलं शिसं तडकतं, हे मला पाच वर्षांनी एका ट्रेनिंगमध्ये कळलं. एप्रनचाच एक्स-रे काढून पाहिला तर घडीच्या रेषेवर काळ्या भेगा.

आता मुद्द्याचं. पाटी होती, पण विचारलं नाही, असं तुम्ही म्हणता. विचारणंही सोपं नसतं हो. नवा होतो तेव्हा पाटीवरचंच वाक्य म्हणायचो, “आपण गर्भवती आहात का?” बाई सासूकडे बघणार, सासू छताकडे, आणि उत्तर ‘नाही’. आमच्याकडे एक आया होती, यावलकडची. ती एकदा मला म्हणाली, साहेब तुम्ही असं पुस्तकातलं विचारता म्हणून कोणी सांगत नाही. तिने सासूला बाहेर बाकावर बसवलं, दार ओढलं आणि बाईच्या कानाशी जाऊन विचारलं, “कावळा कधी शिवला होता?” तारीख लगेच मिळाली! तेव्हापासून दार लावल्याशिवाय मी बटण दाबलं नाही. दिवस वर गेले असतील तर डॉक्टरांना फोन, आज काढायलाच हवा का म्हणून. त्यापायी दोनदा बोलणी खाल्ली, तो भाग वेगळा.

तुमच्या वहिनींचे किती फिल्म, कोणत्या बाजूने, मशीनवर केव्ही आणि एमएएस (म्हणजे किरणांचा जोर आणि मात्रा) किती होतं, हे दवाखान्यातून लिहून घ्या. त्यावरून बाळाला किती लागलं याचा अंदाज निघतो. आकडा हातात आल्याशिवाय ‘काढून टाका’ कोणी म्हणू नये.

---

मेहरूणची_बोरं

@जुना_हायपो काका, दंडवत. तुमचा वेगळा धागा येऊ द्या.

---

रावेरची_केळी

अवांतर: मागे कोणीतरी मला फॉरवर्ड पाठवला होता की केळ्यात किरणोत्सर्ग असतो. आमची तीन पिढ्या केळीची बाग, सकाळ-संध्याकाळ केळं पोटात. मग आमचं काय म्हणायचं? गिऱ्हाईक तोडू नका बरं का, आधीच भाव पडलेत.

---

अणुरेणू

@रावेरची_केळी, असतो, आणि तुमच्या माझ्या अंगातही असतो. केळ्यात पोटॅशियम, आणि जगातल्या सगळ्या पोटॅशियमचा एक बारीकसा हिस्सा पोटॅशियम-४० असतो, तो किरण सोडतो. एका केळ्यामागे साधारण ०.१ मायक्रोसिव्हर्ट (सिव्हर्ट हे किरणांच्या शरीरावरच्या परिणामाचं माप) धरतात. जगात सरासरी माणसाला जमिनीतून, हवेतून, आकाशातून वर्षाला २.४ मिलिसिव्हर्ट मिळतातच, म्हणजे चोवीस हजार केळी. आणि ते साठतही नाही. शरीर पोटॅशियम ठरावीक पातळीलाच ठेवतं, जास्तीचं मूत्रपिंड बाहेर टाकतं. निर्धास्त घड तोडा.

निसर्गातून मिळणाऱ्या डोसाबद्दल अजून एक. केरळात कोल्लम जिल्ह्यातल्या करुनागपल्लीच्या किनाऱ्यावर मोनाझाइट या खनिजाची वाळू आहे, तिच्यात थोरियम, तोही किरण सोडणारा. तिथे काही घरांत डोस नेहमीच्या कितीतरी पट. जवळपास ७० हजार माणसांवर सरासरी दहा वर्षं नजर ठेवली, २००९ साली निष्कर्ष छापून आले, कॅन्सर वाढलेला आढळला नाही. हे अ‍ॅलिसबाईंना खोटं पाडत नाही. तिथे डोस थेंबाथेंबाने, आणि मोजली ती मोठी माणसं. इथे एका झटक्यात, आणि पोटातलं बाळ, ज्याच्या पेशी दर घटकेला दुणावतायत. पण बाजू दोन्ही माहीत असाव्यात.

---

गिरणाई

आमच्या गल्लीत मोबाइलचा टॉवर उभा राहतोय. त्यानेपण हेच होतं का? सही गोळा करणं चालू आहे.

---

अणुरेणू

नाही. एक्स-रेत अणूतला इलेक्ट्रॉन उडवून डीएनए तोडण्याइतकी ताकद असते, टॉवरच्या लहरींत ती नाही. गच्चीवर वजन किती पडणार म्हणून सही करायची असेल तर जरूर करा. कृपया इथे टॉवर नको, धागा तिकडे वाहून जाईल.

---

डॉ_वाघूर

मी स्त्रीरोगतज्ज्ञ आहे, जळगाव जिल्ह्यातच. ऑनलाइन औषधोपचार करत नाही, पण इथे एक जीव टांगणीला आहे म्हणून थोडं.

‘दुप्पट’ हा शब्द माणसाला गारठवतो. कशाच्या दुप्पट, ते विचारा. एक्स-रे न झालेल्या दहा हजार मुलांत बालपणी कॅन्सर होणारी साधारण वीस ते तीस. पोटात असताना १० मिलिग्रे लागले तर डॉल-वेकफर्ड यांच्या हिशोबाने त्यात साधारण सहाची भर. म्हणजे दहा हजारांतल्या ९,९६० हून अधिक मुलांना काहीही होत नाही. स्टुअर्टबाईंनी हा धोका शोधला तेव्हा दर वर्षी हजारो निरोगी बायकांचे एक्स-रे गरज नसताना निघत होते, म्हणून तो देशाच्या हिशोबात मोठा होता. एका बाईच्या हिशोबात तो लहान आहे. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत.

कमरेच्या एक्स-रेत बाळाला सहसा १ ते १० मिलिग्रे. छातीच्या एक्स-रेत तर ०.०१ हूनही कमी. बाळात व्यंग येण्याची भीती १०० मिलिग्रेच्या आसपास सुरू होते. आंतरराष्ट्रीय किरणोत्सर्ग संरक्षण आयोगाने २००० साली स्पष्ट लिहून ठेवलंय की १०० मिलिग्रेच्या खाली असेल तर निव्वळ किरणांच्या कारणाने गर्भपात समर्थनीय नाही. आमच्या व्यवसायातल्या सगळ्यांनी ते वाचलेलं असतंच असं नाही, हे खेदाने कबूल करते.

भीतीने काय होतं ते ग्रीसने दाखवलं. १९८६ साली चेर्नोबिलची अणुभट्टी फुटली. ग्रीसमध्ये पोचलेला डोस अगदी किरकोळ होता. पण अफवा उठल्या, डॉक्टरही गोंधळले, आणि पुढच्या काही आठवड्यांत सुमारे अडीच हजार हव्या असलेल्या गर्भांचा घात झाला असा अंदाज १९८७ साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये छापून आला. किरणांनी नव्हे, घाबरून.

वहिनींना घेऊन या, कोणाकडेही, पण ज्याला आकडा काढता येतो त्याच्याकडे. सोबत काकांनी सांगितलेला कागद.

---

मेहरूणची_बोरं

@तापीकाठ, ‘पहिला मुलगा आहेच’ हे वाक्य मात्र नीट ऐक. पहिली मुलगी असती तर सल्ला कसा आला असता, कोण जाणे.

---

पाटणादेवी_७

माझा भाचा, वय चार, पलंगावरून पडला. टेंगूळ आलं, रडला, अर्ध्या तासात बिस्किट मागायला लागला. तरी ‘मनाचं समाधान’ म्हणून डोक्याचा सीटी स्कॅन करून आणला. करायला नको होता का?

---

डॉ_वाघूर

उलट्या, गुंगी, फिट, शुद्ध हरपणं असलं काही असेल तर सीटी करायलाच हवा, तिथे किरणांचा विचार करत बसू नये. बिस्किट मागणाऱ्या पोराचं मात्र आधी निरीक्षण करावं. २०१२ साली ब्रिटनमधला मोठा अभ्यास आला. दहा वर्षांखालच्या मुलांत डोक्याच्या दहा हजार सीटींमागे पुढच्या दहा वर्षांत एक ल्युकेमिया आणि एक मेंदूची गाठ जास्तीची. थोडं आहे, पण शून्य नाही. मनाच्या समाधानासाठी सीटी नको, त्याला आजीचं पाणी ओवाळणं पुरे.

---

शंकासुर

रात्रभर वाचत बसलो, त्याचं पाप तापीकाठ यांच्या माथी.

बाईंचं दुसरं पर्व धाग्यात आलं नाही. सत्तरच्या दशकात, म्हणजे आपल्याकडे माणसं पेन्शनीची वाट बघतात त्या वयात, त्या अमेरिकेतल्या हॅनफोर्डला गेल्या. प्लुटोनियमचा कारखाना. थॉमस मॅनकुसो कामगारांच्या नोंदी तपासत होते, त्यांनी बाईंना आणि त्यांचे संख्याशास्त्रज्ञ जॉर्ज नील यांना बोलावलं. तिघांनी १९७७ साली लिहिलं की सरकार सुरक्षित म्हणतं त्या डोसातही कामगारांत कॅन्सर जास्त दिसतो. मॅनकुसोंचा सरकारी पैसा बंद झाला, नोंदींची दारं लागली.

माझी शंका कायम आहे. हॅनफोर्डचे बाईंचे आकडे अनेक संख्याशास्त्रज्ञांनी खोडून काढले होते, आणि ते सगळेच काही सरकारचे मिंधे नव्हते. बाई बरोबर दिशेने बोट दाखवत होत्या, पण मोजमाप जरा फुगलेलं, असं माझं मत. २०२३ साली फ्रान्स, ब्रिटन आणि अमेरिकेतल्या तीन लाखांवर अणुकामगारांचा अभ्यास आला, त्यात थोड्याथोडक्या, वर्षानुवर्षं मिळालेल्या डोसानेही कॅन्सरचे मृत्यू वाढतात असं दिसलंय. म्हणजे बोट बरोबर होतं. मागे घेतलेलं पाऊल दोन करतो.

१९८६ साली त्यांना राइट लाइव्हलीहूड पुरस्कार मिळाला. २००२ साली गेल्या, पंच्याण्णवाव्या वर्षी.

---

अणुरेणू

शंकासुरांनी दोन पावलं! वाचनखूण साठवली.

आणखी एक गंमत. १९५८ सालीच, बाईंचा निबंध आला त्याच वर्षी, ग्लासगोच्या इयन डोनाल्ड यांनी आवाजाच्या लहरींनी पोटातलं चित्र काढून ‘लॅन्सेट’मध्ये छापलं. सोनोग्राफी. ज्या कामासाठी एक्स-रे निघत होते ते काम बिनकिरणांचं होऊ लागलं. बाईंचं म्हणणं पटल्यामुळे प्रथा मोडली की हाताशी सोनोग्राफी आली म्हणून, यावर वाद घालायला मी तयार आहे.

---

तापीकाठ

सगळ्यांना एकदम उत्तर देते. चार दिवस गायब होते, कारण धावपळ.

काकांनी सांगितलं तसं दवाखान्यात कागद मागितला. आधी तिथला मुलगा म्हणाला असं काही देत नाहीत. मी केव्ही आणि एमएएस हे दोन शब्द उच्चारल्यावर त्याने खुर्ची दिली. तीन एक्स्पोजर निघाले. ते घेऊन आम्ही मोठ्या गावी एका तज्ज्ञांकडे गेलो. त्यांनी वीस मिनिटं हिशोब करून साडेतीन मिलिग्रेच्या आसपास आकडा काढला, आणि दादाला नाही, वहिनीला समोर बसवून समजावलं. कशाच्या किती पट, ते कागदावर टिंबं काढून. वहिनी येताना एरंडोलपर्यंत गप्प होती. मग म्हणाली, भूक लागलीय, भरीत-पुरी खाऊ. दादाने गाडी वळवली. विषय संपला.

पण सांगायचं राहिलं ते वेगळंच. हे सगळं घरात चाललेलं आजी खाटेवरून ऐकत होती. रात्री मला म्हणाली, “मना बी फोटू काढा व्हता. पोटमा पोर व्हतं तधळ.” मी उडालेच. कधी? तर १९७१ साली. बाळ फिरलेलं नाही अशी शंका होती, बैलगाडीने स्टेशनवर, तिथून रेल्वेने शहराच्या दवाखान्यात. “डाक्टर बोलना, पोर आडवं शे का उभं शे ते देखनं शे.” तुला काही विचारलं का गं, सांगितलं का? “माले कोनी इचारं?”

‘लॅन्सेट’मधल्या त्या टिपणानंतर पंधरा वर्षांनी, चोपड्याच्या माझ्या आजीचा एक्स-रे.

@शंकासुर, तुम्ही विचारण्याआधीच सांगते. त्या फोटोतलं मूल म्हणजे माझे वडील. पन्नाशी ओलांडली, ट्रॅक्टर चालवतात, सर्दीशिवाय आजार नाही. म्हणून बाई चुकल्या असं होत नाही, हे मला आता टिंबांमुळे कळतं. बाबा त्या ९,९६० मधले.

---

शंकासुर

विचारणारच होतो. वाचलो.

---

जुना_हायपो (भुसावळ)

ताई, आजींकडे ती फिल्म आहे का अजून? त्या काळची फिल्म नीट धुतलेली असेल तर पन्नास वर्षं टिकते.

---

तापीकाठ

आहे! ट्रंकेत, जुन्या रेशनकार्डाच्या खाली, पिवळ्या पाकिटात. कडेला चिकटपट्टीचा डाग आहे, कारण १९८० च्या फेब्रुवारीतलं सूर्यग्रहण घरातल्यांनी त्यातूनच पाहिलं होतं. (माहीत आहे, डोळ्यांना धोक्याचं असतं. आता काय करणार.)

आज सकाळी बाबांनी ती खिडकीशी धरली. आजीच्या बरगड्यांचा शेवट, कमरेचं हाड, आणि मध्ये धुरकट ढगात मण्यांच्या माळेसारखा बारीक वाकलेला कणा. बाबा बराच वेळ पाहत राहिले, मग म्हणाले, यात माझं डोकं कुठंय, मला काही कळत नाही. वहिनी, दादा, मी, तिघांनी वाकून पाहिलं. आम्हालाही सापडेना.

आजी खाटेवरून उठली, बाबांच्या हातातून फिल्म घेतली आणि फिरवून परत त्यांच्या हातात दिली. “आसं धर. उलटं धरेल शे तू.”